आप्पांचा नंबर

"काय म्हनस मोबाइल, आप्पा?"

पुष्पाबाईने विचारलं आणि हेमराजने मोबाइल मांडीवर पालथा घातला. पडद्यावर लाल अक्षरांत जे उमटलं होतं ते इंग्रजीत होतं, आणि पुष्पाबाईला मराठीही धड वाचता येत नव्हतं. तरी त्याने तो पालथा घातला.

"रेंज नही शे," तो म्हणाला. "सकाय दखसूत."

सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत बाकी कशाची टंचाई असेल, पण रेंजची नव्हती. समोरच्या तीन मजली चाळीच्या गच्चीवर मोबाइलचा मनोराच उभा होता. पण पुष्पाबाईला आप्पांच्या बोलण्यावर शंका घ्यायची सवय नव्हती. तिने पदर सावरला, कोपऱ्यातल्या दिव्यात तेल घातलं आणि चहाची बशी त्याच्यासमोर सरकवली.

"घाई नही शे. तुम्ही शेतस ना, मंग माले कसानी कायजी?"

पुष्पाबाईच्या नवऱ्याला, धुडकूला, जाऊन पाच दिवस झाले होते. वय सेहेचाळीस, बावीस वर्षं लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर. पहाटे पाळी संपायच्या आधी छातीत कळ आली म्हणून तो मशीन बंद करायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. शेजारच्या मशीनवाल्याला वाटलं, तुटलेला धागा जोडतोय. मागे बायको, दहावीतली पोरगी योगिता आणि तीन लाखांचा विमा. विमा हेमराजने उतरवला होता, अकरा वर्षांपूर्वी, याच खोलीत बसून. त्या दिवशी धुडकू हसून म्हणाला होता, "मी मरसू तवय तूच ये पैसा लिसन." हेमराज आज आला होता खरा.

त्याने बशी तशीच ठेवली. तो उठला आणि बाहेर गटाराच्या कडेला उभा राहून मोबाइल पुन्हा सरळ केला. लाल अक्षरं तशीच होती. पॉलिसी चालू नाही. दावा स्वीकारता येत नाही.

हेमराज मूळचा पारोळ्याकडचा. विसाव्या वर्षी सुरतेला आला, बारा वर्षं त्यानेही लूम चालवले, कान अधू झाले तेव्हा विम्याची एजन्सी घेतली. एजन्सी म्हटलं की टाय लावलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. हेमराजकडे होती एक सायकल, रेक्झिनची एक बॅग आणि तोंडात साखर. पगाराच्या दिवशी तो कारखान्याच्या दाराशी उभा राहायचा. दारूच्या गुत्त्याच्या आधी आप्पा गाठायचा म्हणून बायका त्याला दुवा देत आणि गुत्तेवाला शिव्या. हप्ता गोळा करायचा, शाखेच्या खिडकीवर भरायचा, पावती घरपोच. एखाद्याचा हप्ता चार दिवस उशिरा आला तर खिडकीमागचे श्रीरंग साहेब डोळा मारून आदल्या तारखेचा शिक्का मारत. शिक्का रबराचा होता आणि माणसं हाडामांसाची. सगळं सुखाने चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वी खिडकी बंद झाली. कंपनीने सगळा कारभार क्लाउडवर नेला, म्हणजे कुठेतरी लांबच्या यंत्रांत, आणि माणसांच्या हाती दिलं ॲप. प्रत्येक ग्राहकाचा मोबाइल नंबर हवा, त्यावर ओटीपी येणार, तो टाकला की काम फत्ते. आता लूमवाल्यांचे नंबर म्हणजे काय वर्णावे. स्वस्तातली ऑफर आली की नवं सिमकार्ड. कुणाचा फोन गहाण, कुणाचा पाण्यात, कुणाचा बायको रुसून माहेरी घेऊन गेलेली. हेमराजने आठवडाभर डोकं फोडून घेतलं आणि मग सरळ मार्ग काढला. सगळ्यांच्या पॉलिसीवर स्वतःचाच नंबर टाकला. ओटीपी त्यालाच येई, तोच टाकी; हप्ता रोख घेई आणि स्वतःच्या खात्यातून भरी. तीनशे बारा पॉलिसी आणि नंबर एक. कंपनीला वाटलं, हा एजंट कामगारवस्तीत क्रांती करतोय. भर सभेत त्याला काचेची बाहुली मिळाली, वर 'डिजिटल मित्र' असं कोरलेलं. ती देताना श्रीरंग साहेब कानात पुटपुटले, "हेमराज, नंबर सगळे एकच आहेत, हे मला माहीत आहे. पण आकडा छान दिसतो."

मग यंदाच्या एप्रिलात नवा फतवा निघाला. प्रत्येक विमेदाराने एकदा आपला चेहरा ॲपला दाखवायचा. पडद्यावर एक गोल येई. त्या गोलात तोंड धरायचं, डोळे मिचकवायचे, मान डावीकडे, मान उजवीकडे. माणूस जिवंत आहे अशी यंत्राची खात्री पटली की हिरवी खूण. तीस तारखेपर्यंत चेहरा दिसला नाही तर त्या पॉलिसीचा हप्ता घेतला जाणार नाही.

आणि तीस तारखेच्या तोंडावर आली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आखाजीला खानदेशी माणूस सुरतेत सापडेल तर शपथ. लूम अर्धे बंद पडतात, शेठ कपाळाला हात लावतात, आणि गाड्या भरभरून माणसं गावी जातात. पितरांची घागर पुजायची असते, सासरी गेलेल्या लेकी झोक्यावर बसलेल्या असतात. फोनवर ओरडून हे काम होण्यातलं नव्हतं, कारण ओटीपी हेमराजच्याच मोबाइलवर येणार आणि गोलही त्याच्याच मोबाइलवर उघडणार. मग हेमराजनेच मोबाइल आणि दोन चार्जर घेतले आणि तो एसटीत बसला.

नऊ दिवस तो हिंडला. अमळनेर, पारोळा, शिरपूर, चोपडा, मधली सगळी खेडी. आमरसाच्या पंगतीत घुसून त्याने माणसांना डोळे मिचकवायला लावले. एका गावात लखन नावाच्या लूमवाल्याच्या म्हाताऱ्या सासऱ्याला गोलात बसवलं तर ॲप पुन्हा पुन्हा म्हणे, डोळे उघडा.

"बाबा, डोया उघाडा!"

"उघाडाच शेतस रे! येवढाच उघडतस!"

अंगण खो खो हसलं होतं. बायकांचं आणखी अवघड. थोरल्या दिराच्या वयाच्या माणसासमोर डोक्यावरचा पदर मागे सारून तोंड दाखवायचं कसं? हेमराज मोबाइल पुढे धरी आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राही. असे त्याने एकूण तीनशे अकरा चेहरे गोळा केले. एवढी धावपळ त्याने स्वतःच्या पोरीच्या लग्नातही केली नव्हती.

राहिला एक. धुडकू यंदा गावी गेलाच नव्हता, दुप्पट पगारावर रात्रपाळी करत होता. पुष्पाबाईच्या छोट्या पॉलिसीसाठी तिचा चेहरा हेमराजने गावी निघायच्या रात्री घेतला तेव्हाही तो पाळीवर होता. म्हणून हेमराजने त्याला शेवटी ठेवलं. लांबचे आधी उरकू, हा तर गल्लीतला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच असतो. एकोणतीस तारखेला दुपारी हेमराज परतला, बॅग न ठेवताच धुडकूच्या दारात गेला. धुडकू पाळी करून झोपला होता. हेमराज परत फिरला. दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःला ताप भरला. पण मनाला घोर नव्हता. शेवटची तारीख म्हणजे काय, वाढतेच. तीस वर्षांत न वाढलेली शेवटची तारीख त्याने पाहिली नव्हती. आणि मेच्या पाच तारखेला धुडकूचा हप्ता भरला तेव्हा ॲपने हिरवी खूण दाखवलीही. हेमराजला वाटलं, बघ, वाढली. पुढे धुडकू चहाच्या टपरीवर दोनदा भेटला. दोघांनी पोरीच्या दहावीच्या गोष्टी केल्या.

तो हप्ता तीन दिवसांनी हेमराजच्या खात्यात परत आला होता. जूनचाही आला. रोजच्या साठ-सत्तर मेसेजांत तो इंग्रजी मेसेज कुठे गाडला गेला, हे त्याला आज गटाराच्या कडेला उभं राहून बोटाने वर वर सरकवताना सापडलं. धुडकूने पैसे दिले होते. कंपनीला ते मिळाले नव्हते. ते होते हेमराजकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पर्वत पाटियाच्या पुढे शाखेत गेला. पूर्वी तिथे छतापर्यंत फायलींचे रॅक होते आणि जुन्या कागदाचा वास. आता काच, थंडगार हवा आणि कुंडीत प्लास्टिकचं झाड. टेबलावरच्या चंचल नावाच्या मुलीने पॉलिसीचा नंबर टाकला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"काका, आ तो लॅप्स बतावे छे. तमे ॲपमां रिक्वेस्ट नाखो."

"बेन, टाकली रात्री. त्यात कुणी विजय म्हणून बोलत होता."

"ए माणस नथी, काका. ए चॅटबॉट छे."

हेमराजला वाटलंच होतं. आदल्या रात्री त्या विजयने त्याला अकरा वेळा 'आपली अडचण मी समजू शकतो' असं लिहिलं होतं आणि शेवटी सेवेबद्दल तारे मागितले होते. उगाच काम बिघडायला नको म्हणून हेमराजने पाचच्या पाच दिले होते.

श्रीरंग साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. ते मूळचे नाशिकचे, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"शिक्का असता तर मारला असता रे मी," ते म्हणाले. "देवाशपथ मारला असता. आता माझ्या हातात काय आहे? मी इथे बसून फक्त बघू शकतो. तारीख त्या यंत्राने लावली आहे, आणि ते यंत्र कुठे आहे हे मलाही ठाऊक नाही."

"साहेब, पैसे तर त्याने दिले होते."

"तुला दिले होते, हेमराज."

साहेबांनी आवाज आणखी उतरवला.

"एक ऐक. हप्ते परत आले आणि तुझ्या खात्यात राहिले, हे बाहेर बोलू नकोस. वर कळलं तर एजन्सी जाईल. एखाद्याने तक्रार केली तर पोलीसही येतील. त्या बाईला सांग, कंपनीने नाकारलं. संपलं. कंपनीला शिव्या देतील. कंपनीला काय त्याचं?"

"आणि तिचे तीन लाख?"

साहेबांनी समोरची पाण्याची बाटली उचलली, तिचं झाकण उघडलं आणि न पिताच पुन्हा बंद केली. ते वाईट माणूस नव्हते. असते तर हेमराजला तिथे दोन शिव्या हासडून मोकळं तरी होता आलं असतं.

घरी बायकोने, नूतनने, तेच सांगितलं, फक्त केबिनशिवाय.

"तुम्ही सांगशात, नि लोके काय म्हनतीन? आप्पा पैसा खाई ग्या म्हनतीन. तीस वरीसनं नाव एक दिनमा जाई. कंपनीनं नाव सांगा. तिले कोन इचारस?"

खरं बोलत होती ती. कंपनीला घर नव्हतं, गल्ली नव्हती, सकाळी नळावर तिला कुणी भेटणार नव्हतं. हेमराज सहा दिवस तोंडाला कुलूप लावून हिंडला. या दिवसांत पुष्पाबाई दोनदा समोर आली. एकदा तिने विचारलं, शाळेची फी पुढल्या महिन्यात भरली तर चालेल ना, तोवर पैसे येतील ना? तो म्हणाला, दखसूत. ते 'बघू' उच्चारताना त्याला स्वतःची किळस आली.

बाराव्या दिवशी गंधमुक्ती झाली, म्हणजे सुतक फिटलं. गल्लीत ताडपत्रीचा मांडव घातला होता, पन्नासेक माणसं जेवून भिंतीला टेकून बसली होती. सगळे लूमवाले, सगळे त्याचेच ग्राहक. मुकादम योगराज सुपारी कातरत होता. पुष्पाबाई उंबऱ्याशी बसली होती. माहेरच्यांनी आणलेलं नवं लुगडं अजून मांडीवर घडीतच होतं. ती हेमराजकडे बघून म्हणाली, "आप्पा, यासले बी सांगा ना. मना भाऊ इचारी ऱ्हायना, पैसा कवय येतीन?"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"पैसा भेटनार नहीत, पुष्पाबाई."

"कंपनी नही म्हने?"

तिनेच दार उघडून दिलं होतं. त्याने नुसतं हो म्हणायचं होतं. साहेब, नूतन, तीस वर्षांचं नाव, सगळे त्या एका होकाराच्या मागे उभे होते. त्याने तोंडही उघडलं. पण उंबऱ्याच्या आत धुडकूचा फोटो होता, निवडणूक कार्डावरून मोठा केलेला, डोळे टक्क उघडे.

"नही," हेमराज म्हणाला. "चूक मनी शे. कंपनीनी नही."

मग त्याने सगळं सांगितलं. सलग नाही, अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे. चेहरा दाखवायचा राहून गेला. तारीख वाढेल असं वाटलं. हप्ते परत आले ते त्याच्याच खात्यात आले, त्याने बघितलंच नाही. त्याने खिशातून त्या दोन हप्त्यांच्या नोटा काढल्या आणि उंबऱ्यावर ठेवल्या. मांडवात योगराजच्या अडकित्त्याचा आवाज थांबला होता.

पुष्पाबाईने नोटांकडे पाहिलंही नाही. ती काहीतरी आठवत होती.

"तोंड दखाडानं म्हंजे... त्या दिन तुम्ही दुपारले येल व्हतात, तेच ना?" तिने विचारलं. "बॅग हातमा व्हती."

"हो."

"मी म्हनेल व्हतं, उठाडू का? तुम्ही म्हनात, झोपू द्या. रातभर उभा ऱ्हास तो."

हेमराजने मान हलवली. त्याला ते आठवत होतं. सात दिवस तेवढंच आठवत होतं, आणि सांगताना तेवढंच त्याने गाळलं होतं.

पुष्पाबाई हात टेकून उठली आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. गंधमुक्तीच्या दिवशी घरच्या बाईने भांड्यांना हात लावायचा नसतो. एकाही बाईला तिला अडवायचं धाडस झालं नाही. तिच्या भावाने नोटा उचलून धुडकूच्या फोटोमागे खोचल्या.

गल्लीने हेमराजला एक शब्द वावगा बोलून दाखवला नाही. कुणी खायला उठलं असतं, कुणी दगड मारला असता, तर त्याला बरं वाटलं असतं. झालं ते एवढंच की पहिल्या रविवारी सकाळी योगराज त्याच्या ओट्यावर आला, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी.

"आप्पा, वाईट वाटी लेऊ नका," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पोऱ्या म्हनस, घरना नंबर ऱ्हावाले जोयजे. तेवढा तुमना नंबर काढी टाका."

"बराबर शे त्यानं," हेमराज म्हणाला.

नंबर काढायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी येतो. मोबाइल वाजला. हेमराजने सहा आकडे मोठ्याने वाचले, योगराजच्या मुलाने आपल्या फोनवर टाकले. काम दोन मिनिटांचं. योगराजने राम राम केला आणि चहा न घेता गेला. त्याच्या मागोमाग दुसरा आला, मग लखन, मग तिघे एकदम. दहाच्या सुमाराला ओट्यापासून पानवाल्याच्या टपरीपर्यंत रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात पिशवी, आणि प्रत्येकाच्या तोंडी तेच, राग मानू नका. तीन वर्षं कंपनीने आणि हेमराजने डोकं आपटलं तरी जे झालं नव्हतं, ते त्या एका सकाळी झालं. प्रत्येक घराला स्वतःचा नंबर मिळाला.

नूतन आत दाराआड बसून राहिली होती. हेमराजचा घसा बसला. पाच, शून्य, दोन, सात. तो वाचत होता, लोक टाकत होते, आणि प्रत्येक वेळी मोबाइलवर एक नाव कमी होत होतं. ही नावं त्याने उन्हातान्हात सायकल मारून एकेक करून जमवली होती.

रांगेत मध्येच त्याला पुष्पाबाई दिसली. धुडकूचा फोन तिच्या मुठीत होता. योगिताच्या लग्नासाठी म्हणून एक लहानशी पॉलिसी पुष्पाबाईच्या नावावर होती, ती हेमराजच्या ध्यानात होती. तो तटकन उठला.

"पुष्पाबाई, तुम्ही आगोदर या. आठे बसा."

"नंबरमाच ऱ्हाऊ द्या, आप्पा," ती म्हणाली. "लोके केव्हाना उभा शेतस."

ती उन्हात पाऊण तास उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा ती ओट्याच्या कडेला बसली, फोन गुडघ्यावर धरला. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. साड्यांचे धागे कापण्याचं काम ती घरी करायची, रोज किती नग झाले ते लिहून ठेवायची, त्यामुळे अक्षर येत नसलं तरी आकडे तिला येत होते. हेमराजचा मोबाइल वाजला.

"चार," तो म्हणाला.

तिने बोटाने चार शोधला आणि दाबला.

"एक. नऊ. नऊ."

"दोन डाव?"

"दोन डाव. मंग सहा. मंग तीन."

खूण हिरवी झाली. तिने फोन त्याच्यापुढे धरला, त्याने मान हलवली. तीस वर्षांची सवय, त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "पाच तारीखले हप्ता..."

"माले माहीत शे," पुष्पाबाई म्हणाली.

तिने फोन कनवटीला खोचला, पदर डोक्यावर घेतला आणि पायरी उतरून गेली. रांगेतला पुढचा माणूस वर आला. त्याने पिशवी उघडून कागद काढले आणि म्हणाला, आप्पा, राग मानू नका.